अलिबागला गेलेली सुई आणि पाळण्याजवळचा आकडा

मागच्या पावसाळ्यात एक तरुण बाप दवाखान्यात आला. आजारी कोणीच नव्हतं. हातात मोबाइल होता आणि त्यात पाळण्याशेजारी काढलेला स्क्रीनशॉट : ४५ मायक्रोटेस्ला. घर भुसावळच्या बाहेर, दीपनगरच्या बाजूला. घरापासून काही अंतरावर मोठ्या वीजवाहिनीचे मनोरे आहेत. ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त चुंबकीय क्षेत्रात वाढणाऱ्या मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त दिसतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मग त्याने एक ॲप घेतलं, मोबाइल पाळण्याजवळ धरला आणि आकडा आला शंभरपटीहून जास्त. बायकोला आणि दोन महिन्यांच्या मुलीला त्याने त्याच दिवशी माहेरी पोचवलं होतं. आता मिळेल त्या भावात घर विकायची बोलणी चालली होती. माझ्याकडे तो आला होता तो मुलीची रक्त तपासणी कोणती करायची ते विचारायला.

गंमत अशी, की त्याने वाचलेलं खरं होतं आणि मोबाइलवरचा आकडाही खरा होता. पण या दोन आकड्यांची तुलना करणं म्हणजे रक्तातली साखर आणि रक्तदाब शेजारी ठेवून कोण जास्त ते बघण्यासारखं आहे. हे त्याला समजावताना मला मुंबईच्या ट्रामपर्यंत मागे जावं लागलं. पाच मिनिटांत ते काही जमलं नाही, म्हणून हा लेख.

आपल्या पृथ्वीला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे. आपल्या खानदेशात त्याची ताकद साधारण ४५ मायक्रोटेस्ला भरते. शेतात जा, हतनूर धरणावर जा, वीज नसलेल्या सातपुड्यातल्या पाड्यावर जा, आकडा जवळपास तोच. मोबाइलमधला चुंबकमापक होकायंत्रासाठी बसवलेला असतो. त्यामुळे तो मुख्यतः हाच आकडा दाखवतो. आदिमानवाच्या बाळाच्या पाळण्याजवळही तो असाच काहीतरी आला असता.

पण हे क्षेत्र अगदी स्थिर नाही. त्याच्यात बारीक चढउतार होत असतात, आणि हे चढउतार मोजण्याचं काम आपल्या महाराष्ट्रात जगातल्या फार थोड्या ठिकाणांइतकं जुनं आहे. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली, ती मुळात तारे बघून जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी हे काम हाती घेतलं. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी जगभर एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेण्याची जी मोहीम सुरू केली होती, तिच्या काळातली ही गोष्ट.

काम कंटाळवाणं होतं. एक चुंबक टांगलेला, त्याची जागा पट्टीवर डोळ्यांनी वाचायची, वहीत लिहायची. पुन्हा पुढच्या तासाला. रात्रीसुद्धा. आयसीयूत रात्रपाळीची सिस्टर दर तासाला तापमान, नाडी आणि लघवीचं प्रमाण लिहिते, तसं. त्या वहीचं महत्त्व ज्या दिवशी काही घडत नाही त्या दिवशी कोणाला वाटत नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना दुर्बिणीतून सूर्यावर एक झगझगीत उद्रेक दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या तारेत आपोआप आलेल्या विजेवर एकमेकांशी बोलणं चालू ठेवलं. युरोपातल्या बऱ्याच वेधशाळांत चुंबक पट्टीच्या बाहेर गेले, नोंदीच तुटल्या. कुलाब्याच्या माणसांनी मात्र २ सप्टेंबरच्या सकाळी वाचनं सोडली नाहीत. उलट गडबड दिसताच तासाऐवजी काही मिनिटांच्या अंतराने ती घेतली. क्षेत्राची आडवी ताकद सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेली त्यांच्या वहीत दिसते. (१००० नॅनोटेस्ला म्हणजे १ मायक्रोटेस्ला.) २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी या नोंदी नव्याने तपासल्या, आणि कॅरिंग्टनचं वादळ किती मोठं होतं याचा आजचा अंदाज बराचसा मुंबईच्या त्या वहीवर उभा आहे. वाचनं घेणाऱ्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत. भुसावळला तेव्हा रेल्वेही पोचलेली नव्हती.

आता हे आकडे जरा बाजूबाजूला ठेवा. इतिहासातलं सर्वांत मोठं म्हणून सांगितलं जाणारं चुंबकीय वादळ म्हणजे १.६ मायक्रोटेस्लाचा हेलकावा. ४५ मधले दीड. तेवढ्याने तारयंत्रं चालली, कारण शेकडो मैल लांब तार होती. त्या दिवशी मुंबईत माणसं आपापल्या कामाला गेली, बाळं जन्मली, कोणाला काही कळलंही नसणार.

१८९६ मध्ये नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस वेधशाळेचे संचालक झाले. या जागेवरचे ते पहिले भारतीय. थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक अडचण आली. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, त्या आता विजेवर चालवायचं घाटत होतं. ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते आणि ती रुळांतून परत जाते. पण रूळ जमिनीवर टेकलेले. थोडी वीज वाट सोडून जमिनीत झिरपते आणि कुठूनही फिरत परत येते. माणसाला तिचा पत्ता लागत नाही. पण दहा-वीस नॅनोटेस्लाचा फरक वाचणाऱ्या कुलाब्याच्या चुंबकाला ट्राम आली, थांबली, निघाली हे सगळं दिसलं असतं. साठ वर्षांची वही बिघडली असती.

मूस यांनी ट्राम थांबवायचा हट्ट धरला नाही. त्यांनी समुद्रापलीकडे, सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला जागा शोधली. तिथे पोरबंदरी दगडाची चुंबकघरं बांधली. लोखंड चालणार नव्हतं, एक खिळासुद्धा नाही. म्हणून तांब्या-पितळेचं सामान वापरलं. अशा घरात शिरताना किल्ल्या, चाकू, पट्टा बाहेर काढून ठेवतात. आपण एमआरआयच्या दाराबाहेर हेच करतो, पण कारण बरोबर उलटं असतं. एमआरआयचा चुंबक १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जोरदार. तिथे तुमची किल्ली उडून कोणाला लागेल ही भीती. अलिबागला तुमच्या किल्लीने पृथ्वीच्या नोंदीत ओरखडा उमटेल ही भीती.

मला या कहाणीतला सर्वांत आवडणारा भाग पुढचा आहे. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे नेमके जोडता येतील. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सुई सुखरूप पलीकडे पोचली होती. पुढे १९१० मध्ये मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ च्या नोंदी दोन खंडांत छापल्या. आम्ही डॉक्टर मंडळी पेशंटला एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये पाठवतो आणि टीएसएच थोडा बदलला की गोळीचा डोस बदलून मोकळे होतो. दोन लॅबचे आकडे एकदा तरी शेजारी ठेवून बघावेत, ही अक्कल मूस यांच्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती.

मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंदही झाली. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे, आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे.

इथपर्यंत झालं एका जागी बसून मोजणं. विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकांच्या लक्षात आलं, की या बारीक चढउतारांचा उपयोग जमिनीच्या पोटात डोकावायला करता येईल. रशियात तिखोनोव यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये लुई कॅनियार यांनी १९५३ मध्ये हा विचार मांडला. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात. सोनोग्राफीत आपण आवाज सोडतो आणि परत येणारा ऐकतो. इथे काहीच सोडायचं नसतं. हा पृथ्वीचा ईसीजी आहे. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळे आणि जगभर चमकणाऱ्या विजांमुळे हवेत अतिमंद विद्युतचुंबकीय लहरी सतत असतात. त्या जमिनीत शिरतात आणि तिथे बारीक प्रवाह निर्माण करतात. वरती चुंबकीय क्षेत्र आणि जमिनीतला विद्युतदाब दोन्ही मोजले, की खालचा दगड विजेला किती अडवतो ते काढता येतं. सेकंदाला शंभर वेळा हलणारी लहर वरवरचं सांगते. शंभर सेकंदांत एकदा हलणारी कित्येक किलोमीटर खालचं सांगते.

आणि यातलं एक काम आपल्या अगदी दाराशी झालेलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एदलाबाद, म्हणजे आपलं मुक्ताईनगर, ते खंडवा या पट्ट्यात अशी मोजणी केली. इथेच का? तापी आणि नर्मदा ज्या खचलेल्या पट्ट्यातून उलट्या, पश्चिमेला वाहतात, तो भूगर्भातला जुना कमकुवत सांधा आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला होता, तोही खूप खोल, सुमारे ४० किलोमीटरवर. चोपड्याकडे अडावदजवळ उनपदेवचं गरम पाणी आहे. आमचे सांधेदुखीचे निम्मे पेशंट तिथे डुबकी मारून मगच माझ्याकडे येतात. ही उष्णता कुठून येते, हाही प्रश्न आहेच. वरून मात्र सगळीकडे तापीचा गाळ आणि त्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा कातळ. त्याने खालचं सगळं झाकून टाकलेलं. मोजणीत या पट्ट्याखाली, कवचाच्या आत, वीज सहज वाहू देणारे भाग सापडले. तिथे द्रव किंवा वितळलेला खडक असावा असा अर्थ लावला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने तिथेही हीच पद्धत वापरली आणि भूकंपाच्या केंद्राखाली द्रव असल्याच्या खुणा मिळाल्या.

शेतात या मंडळींचं काम बघण्यासारखं असतं. सच्छिद्र मडकी घ्यायची, त्यात शिशाचं क्षार असलेलं मिश्रण भरलेलं. ती चार दिशांना पन्नासेक मीटरवर ओल्या चिखलात पुरायची. ईसीजी काढताना आम्ही हातापायांना जेल लावून पट्ट्या बांधतो, अगदी तसं. मग हजारो वेढ्यांच्या तांब्याच्या तारेच्या लांब नळ्या चर खणून, दिशा पाहून, आडव्या पुरायच्या. वाऱ्याने जराशी हलली तरी नोंद गेली, म्हणून वर माती. आणि मग रात्र-रात्र वाट बघायची.

यात सर्वांत मोठा शत्रू कोण? आपली वीज आणि आपली रेल्वे. भुसावळ जंक्शनवरून २५,००० व्होल्टच्या तारेखाली इंजिनं रात्रंदिवस धावतात. ती वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, आणि शास्त्रज्ञांना हवी असलेली कुजबुज त्या गोंगाटात बुडून जाते. म्हणून ते रूळ, मनोरे, विहिरीवरच्या मोटारी यांच्यापासून दूर पळतात. मूस यांनी ट्रामपासून पळावं तसंच. कुजबुज किती बारीक? जगभरच्या विजांमुळे पृथ्वी आणि वरचा आयनांचा थर यांच्यामध्ये सेकंदाला सुमारे ७.८ वेळा घुमणारी एक लहर असते. जर्मनीच्या विनफ्रीड ओटो शुमान यांनी १९५२ मध्ये ती गणिताने वर्तवली, १९६० मध्ये ती नीट मोजली गेली. तिची ताकद साधारण १ पिकोटेस्ला, म्हणजे पाळण्याजवळच्या त्या ४५ मायक्रोटेस्लाच्या साडेचार कोटीव्या भागाइतकी.

याच लहरीचं नाव घेऊन ‘७.८३ हर्ट्झ’च्या गाद्या, पट्टे आणि पेंडंट विकले जातात. गुडघेदुखीपासून झोपेपर्यंत सगळं बरं होतं म्हणे. मेंदूच्या काही लहरींचा वेग याच्या आसपास असतो, एवढ्या योगायोगावर तो धंदा उभा आहे. माझ्या एका पेशंटने त्यासाठी दिलेले पैसे त्याच्या वर्षभराच्या इन्सुलिनपेक्षा जास्त होते, आणि इन्सुलिन त्याने मध्ये बंद केलं होतं.

या मोजमापाच्या इतिहासाची एक फांदी आमच्या वैद्यकातही आली आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत सिराक्यूजला बॉले आणि मॅकफी यांनी माणसाच्या हृदयाचं चुंबकीय क्षेत्र प्रथम मोजलं. साधन काय, तर तारेचे सुमारे वीस लाख वेढे असलेल्या गुंडाळ्या. जागा, गोंगाटापासून दूर मोकळं मैदान. १९६८ मध्ये डेव्हिड कोहेन यांनी धातूच्या संरक्षित खोलीत मेंदूचंही क्षेत्र टिपलं. हृदयाचं क्षेत्र काही दहा पिकोटेस्लांचं, मेंदूचं त्याहून कितीतरी कमी.

आता पुन्हा त्या बापाच्या ०.४ कडे. हा आकडा वेगळ्याच वाटेने आला. १९७९ मध्ये डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या घरांबाहेरच्या विजेच्या तारा पाहिल्या आणि जाड, जास्त प्रवाहाच्या तारांजवळ अशी घरं जास्त आहेत असं मांडलं. घराघरात मापक नेला नव्हता, तारांवरून अंदाज बांधला होता. त्यानंतर अनेक देशांत प्रत्यक्ष मोजून अभ्यास झाले. २००० मध्ये ते एकत्र करून पाहिले, तेव्हा घरात सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांत ल्युकेमिया साधारण दुप्पट दिसला. अशी मुलं एकूण मुलांत शंभरात एकही भरत नव्हती. त्यावरून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळं पुन्हा तपासलं आणि नातं कार्यकारणाचं आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दिसत नाही, असं सांगितलं.

इथे मी ‘काहीच नाही, घाबरू नका’ असं म्हणून मोकळा होणार नाही. शंका पूर्ण मिटलेली नाही. पण ‘दुप्पट’ म्हणजे किती, हे बघा. लाख मुलांमागे वर्षाला चारेक जणांना होणारा आजार, नातं खरं असलंच तर आठांना होईल. आणि मुख्य म्हणजे हा ०.४ आहे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणाऱ्या क्षेत्राचा. शरीरात प्रवाह निर्माण होतो तो क्षेत्र बदलल्यामुळे. पृथ्वीचं ४५ जागच्या जागी उभं आहे. पाळण्यातल्या बाळात ते काही निर्माण करत नाही. मोबाइलचा होकायंत्रवाला मापक ५० हर्ट्झचं क्षेत्र भरवशाने मोजूच शकत नाही.

हे सगळं सांगूनही त्याच्या चेहऱ्यावरून शंका जाईना. तेव्हा मी म्हटलं, घरी जा, मेन स्विच बंद कर आणि बघ. संध्याकाळी त्याचा फोन आला. सगळ्या घरात अंधार आणि मोबाइलवर ४५. मग तो मोबाइल घेऊन अर्धा किलोमीटर शेतात गेला. ४४. लोखंडी कपाटाजवळ नेला तर ७०.

दुसऱ्या रविवारी मी त्या बाजूला गेलो होतो म्हणून घरी डोकावलो. मनोरे घरापासून चांगले दीडशे मीटरवर होते. एवढ्या अंतरावर वाहिनीचं क्षेत्र बहुतेक वेळा घरातल्या नेहमीच्या वायरिंगइतकं खाली येतं. माझं लक्ष गेलं ते गच्चीकडे. ११ हजार व्होल्टची गावातली लाइन कठड्यापासून हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळून गेली होती, आणि वरच्या मजल्याच्या बांधकामासाठी लोखंडी सळया तिथेच रचून ठेवल्या होत्या. सळई उभी करताना लाइनला लागून भाजलेले, हात गमावलेले मजूर मी पाहिले आहेत. दोन जणांचे मृत्यूचे दाखलेही लिहिले आहेत. या तारेचा कोणी मोबाइलवर आकडा काढत नाही. त्याने सळया त्याच दिवशी खाली उतरवल्या आणि लाइन सरकवण्यासाठी अर्ज केला.

निघताना आजीबाईंनी विचारलं, ‘‘डॉक्टर, हे चुंबक नाही म्हणता, मग उत्तरेकडे डोकं करून झोपू नये म्हणतात ते कशासाठी? रक्तात लोह असतं ना?’’

असतं, आजी. पण ते खिळ्यासारखं लोह नव्हे. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हिमोग्लोबिन चुंबकाजवळ तपासलं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं तर जात नाहीच, किंचित दूर ढकललं जातं. ऑक्सिजन सोडलेलं अगदी थोडं ओढलं जातं. पृथ्वीच्या तीस हजार पट जोराच्या एमआरआयमध्ये अर्धा तास झोपलेल्या माणसाचंही रक्त डोक्याकडे धावत नाही.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. नात आणि सून दोन दिवसांनी परत आल्या, तेव्हा पाळणा पूर्व-पश्चिम बांधलेला होता. मी त्याला हरकत घेतली नाही.